शिळेवरील पाठ आणि कागदावरील पाठ

ग्रंथालयात जतन केलेल्या थोर लेखकाच्या हस्तलिखिताकडे आपण बहुधा पूज्य वस्तू म्हणून पाहतो. काचेआडचे अक्षर पाहावे, मनोमन नमस्कार करावा आणि पुढे जावे, अशी आपली रीत आहे. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने हस्तलिखित हा प्रथम पुरावा होय. तो नसला तर काय गमावते, हे वर्धा जिल्ह्यातील वाङ्मयाच्या आधारे स्पष्ट करता येते.

विनोबांनी 'गीताई'ची रचना ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास आरंभिली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण केली. पुढे त्यांनी ती आश्रमातील लहान मुलींना शिकविली आणि जेथे त्या अडखळल्या तेथील शब्द बदलून सुलभ केले. वर्ध्याजवळ गोपुरी येथील गीताई मंदिरात, जे १९८० मध्ये खुले झाले, तिचे अठराही अध्याय शिलांवर कोरलेले आहेत. शिळेवरील हा पाठ चिरस्थायी खरा. तथापि तो अंतिम पाठ आहे. कोणता शब्द कवीने टाकला, कोणता चरण किती वेळा फिरविला, हे शिळा सांगू शकत नाही. ते सांगू शकेल तो केवळ खाडाखोडीचा कागद.

'गीता प्रवचने' या ग्रंथाचा प्रश्न याहून वेगळा आहे. धुळे येथील तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे विनोबांनी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. म्हणजे या ग्रंथाची पहिली लेखी अवस्थाच लेखकाच्या हातची नाही. ज्या ठिकाणी वाक्य विशेष भावार्द्र होते, तेथे तो भाव बोलणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा? टिपणे आणि मुद्रित प्रत यांची तुलना केल्यावाचून या शैलीविषयी केलेले कोणतेही विधान अपुरेच राहील.

येथे एक आक्षेप संभवतो. तरुणपणी विनोबा स्वतःच्या कविता अग्नीला आणि काशीस असताना गंगेला अर्पण करीत. अशा अपरिग्रही पुरुषाचे कागद जपणे हे त्याच्या वृत्तीशी विसंगत नव्हे काय? आमच्या मते नाही. जे लेखकाने स्वतःपुरते लिहिले ते नष्ट करण्याचा अधिकार त्याचा. परंतु जे त्याने लोकांच्या हाती दिले, त्याच्या घडणीचा जो अवशेष उरला असेल तो जपणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य होय.

वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने स्वामी सहजानंद सरस्वती संग्रहालयात हिंदी लेखकांची हस्तलिखिते व पत्रे संगृहीत केली आहेत. मराठी विभागांनी या उदाहरणापासून बोध घ्यावा. लेखकाच्या निधनानंतर त्याची ग्रंथसंपदा ग्रंथालयास मिळते; कच्चे खर्डे, दुरुस्त केलेली मुद्रिते आणि पत्रे मात्र रद्दीत जातात. वास्तविक छापील ग्रंथ अन्यत्रही मिळू शकतो. खर्डा एकच असतो. तो मूळ क्रम न मोडता, कालनिर्देशासह नोंदवून ठेवला पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या कृतीवर अभिप्राय देण्यापूर्वी, आपण तिचा कोणता पाठ वाचीत आहोत, हा प्रश्न स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर देण्याची सोय ज्या ग्रंथालयात नाही, तेथे समीक्षेचा पायाच अपुरा आहे असे म्हणावे लागेल.