शब्द रुजतो कुठे?

अकोले येथील तहसील कचेरीत द्यायच्या अर्जावर ‘दिनांक’ असतो. अर्ज देणारा, तो महादेव कोळी असो की मुसलमान, विचारतो मात्र ‘तारीख कोणती?’ ‘दिनांक’ हा सावरकरांच्या भाषाशुद्धीतला शब्द. तो रुजला, पण ‘तारीख’ हटली नाही. एक कागदावर राहिला, दुसरी तोंडात.

त्याच्या कितीतरी आधी, शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. पुष्कळसे पर्याय पोथीतच राहिले. जमीन, खरीप, रब्बी हे शब्द बांधावरच आहेत. प्रवरेकाठचा शेतकरी पेरताना शब्दाची जात विचारीत नाही. मोल्सवर्थनेही १८५७च्या आवृत्तीत अशा शब्दांचे अरबी-फारसी मूळ दाखवले आणि त्यांना मराठी कोशातच जागा दिली. १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ देणारे माधव ज्यूलियन पुढे भाषाशुद्धीकडे वळले, तरी त्यांच्या कोशाचे मोल कमी होत नाही.

नवा शब्द कोणीही घडवावा. तो चालवतात लोक. कोशकार फक्त वापराची नोंद घेतो आणि त्यासाठी त्याला लिखित पुरावा लागतो. इथेच आम्ही कमी पडलो. घरात दस्तरखान, सालन म्हणणारे आम्ही लिहायला बसलो की ‘शुद्ध’ होतो. आमच्याच कथेतला शब्द आम्ही खोडला, तर कोशकाराला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?