संग्रह आणि प्रतीक्षा : ‘पोकेमॉन गो’ या खेळातील नव्या प्राण्यांचा आगमनक्रम

संग्रह करणे हाच ज्या खेळाचा मुख्य व्यापार, त्यात संग्राह्य वस्तू खेळाडूच्या हाती केव्हा आणि कोणत्या क्रमाने द्यावयाची हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा राहत नाही; तो रचनेचा प्रश्न होतो. कादंबरीकार एखादी गोष्ट वाचकापासून किती काळ राखून ठेवतो यावर कादंबरीचे कथानक पुष्कळ अंशी अवलंबून असते. तद्वतच अशा खेळाला जर काही कथानक असेल, तर ते त्यातील प्राण्यांच्या आगमनक्रमातच शोधावे लागते. ‘पोकेमॉन गो’ हा मोबाईलवरील खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खेळाडूने मोबाईल घेऊन प्रत्यक्ष रस्त्यांतून आणि बागांतून हिंडावे, नकाशावर प्रकट होणारे काल्पनिक प्राणी पकडावेत आणि ‘पोकेडेक्स’ नामक नोंदवहीत त्यांची भर घालावी, असे त्याचे स्वरूप आहे.

मूळ पोकेमॉन खेळांचे जनक सातोशी ताजिरी यांना ही कल्पना बालपणीच्या कीटकसंग्रहाच्या छंदातून सुचली, हे प्रसिद्धच आहे. कीटक गोळा करणाऱ्या मुलालाही वाट पाहावी लागते. अमुक भुंगा पावसाळ्यातच दिसतो, अमुक फुलपाखरू विशिष्ट झाडापाशीच येते. परंतु ही बंधने कोणी घालून दिलेली नसतात. ती ओळखणे हाच त्या छंदातील ज्ञानाचा भाग असतो. प्रस्तुत खेळात मात्र प्राणी केव्हा यावा हे चालक ठरवितात. म्हणून त्यांनी निर्माण केलेली प्रतीक्षा निसर्गातील प्रतीक्षेसारखी अर्थपूर्ण आहे की नाही, ही येथे टीकेची खरी कसोटी ठरते.

प्रथम साठ्याचा विचार करू गेल्यास असे दिसते की, निअँटिक या कंपनीने ६ जुलै २०१६ रोजी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा १९९६ पासूनच्या मूळ खेळांत मिळून ७२१ जाती निर्माण झालेल्या होत्या. नव्या खेळाने त्यांपैकी पहिल्या पिढीच्या १५१ जातीच घेतल्या आणि त्यांतूनही डिट्टो, आर्टिक्युनो, झॅपडॉस, मोल्ट्रेस, म्यूटू व म्यू हे सहा प्राणी राखून ठेवले. म्हणजे आरंभी १४५ जाती मिळू शकत होत्या. सुमारे चार-पंचमांश साठा कोठारातच होता. पुढे दुसऱ्या पिढीची मोठी तुकडी फेब्रुवारी २०१७ मध्ये, तिसरीची डिसेंबर २०१७ मध्ये, चौथीची ऑक्टोबर २०१८ मध्ये, पाचवीची सप्टेंबर २०१९ मध्ये, सहावीची डिसेंबर २०२० मध्ये, सातवीची मार्च २०२२ मध्ये आणि नववीची सप्टेंबर २०२३ मध्ये आली. यांतील अंतरे अनुक्रमे सात, दहा, दहा, अकरा, पंधरा, पंधरा व अठरा महिन्यांची भरतात. ही वाढ आकस्मिक नव्हे. मूळ खेळांची नवी पिढी २०१३, २०१६, २०१९ व २०२२ या वर्षी, म्हणजे दर तीन वर्षांनी आली. कोठार भरण्याच्या वेगापेक्षा ते रिकामे होण्याचा वेग अधिक असल्याने हात आखडता घेणे चालकांना भागच होते.

येथवर दोष देण्याजोगे काही नाही. मासिकातील क्रमशः कादंबरीचा वाचकही महिनाभर थांबतोच, आणि त्या थांबण्याने वाचनाचा रस कमी न होता वाढतो. प्रश्न प्रतीक्षेच्या लांबीचा नसून तिच्या शेवटी खेळाडूला काय करावे लागते याचा आहे. या दृष्टीने पाहता प्राणी प्रकट करण्याच्या तीन रीती वेगळ्या काढता येतात.

पहिली रीत शोधाची. राखून ठेवलेल्या सहांपैकी डिट्टो हा प्राणी नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, पण तो स्वतःच्या रूपात नकाशावर दिसतच नव्हता. पिजी किंवा रट्टाटा अशा अतिपरिचित प्राण्याच्या वेषात तो वावरे आणि पकडल्यानंतर त्याचे खरे रूप उघड होई. ज्यांच्याकडे खेळाडू ढुंकूनही पाहत नव्हते, ते सामान्य प्राणी या एका युक्तीने पुन्हा कुतूहलाचे विषय झाले. सप्टेंबर २०१८ मधील मेल्टानचे आगमन याच जातीचे होय. मूळ खेळात येण्यापूर्वीच हा अनोळखी प्राणी येथे अवचित दिसू लागला, आणि पकडल्यावर तो डिट्टो निघे. आगमनक्रम हाच कथानक होऊ शकतो याची ही दोन उत्तम उदाहरणे आहेत.

दुसरी रीत परिश्रमाची. म्यू हा दुर्मीळ प्राणी मार्च २०१८ मध्ये एका कार्यमालिकेच्या अखेरीस ठेवण्यात आला. तीतील कामे कष्टाची होती. पण त्यांना मुदत नव्हती. ज्याने त्याने आपल्या सवडीने आणि आपल्या गावात ती पुरी करावीत, एवढीच अपेक्षा होती.

तिसरी रीत उपस्थितीची. २२ जुलै २०१७ रोजी शिकागो येथील ग्रँट पार्कमध्ये भरलेल्या मेळाव्याशी लुगिया या प्राण्याचे प्रकटीकरण जोडलेले होते. मोबाईलचे जाळे कोलमडले, खेळ चालेना, तेव्हा तिकिटांचे पैसे परत करण्यात आले आणि हजर असलेल्यांना लुगिया तसाच देऊन टाकण्यात आला. म्हणजे तो न शोधता आणि न झुंजता केवळ उपस्थितीबद्दल मिळाला. भरपाई म्हणून हे न्याय्यच होते. तथापि या रीतीचे मर्म त्या अपघाताने उघडे पडले. म्यूटूच्या बाबतीत तर प्रारंभी निमंत्रणाचीच अट होती. निवडलेल्या ठिकाणी नेमलेल्या दिवशी व नेमलेल्या तासाला जो पोहोचेल, त्यालाच त्याच्याशी झुंजता येई. सर्वांसाठी तो सप्टेंबर २०१८ मध्ये खुला झाला.

खेळाच्या पुढील इतिहासात ही तिसरी रीत पहिल्या दोहोंवर मात करीत गेलेली दिसते. डिसेंबर २०२० पासून वर्षाची तीन-तीन महिन्यांच्या चार ‘ऋतूं’त विभागणी झाली आणि नवा प्राणी बहुधा एखाद्या नेमलेल्या उत्सवाच्या निमित्ताने येऊ लागला. त्याबरोबर पिढ्यांचा जुना क्रमही मोडला. आठव्या पिढीतील काही प्राणी ऑगस्ट २०२१ मध्ये, सातव्या पिढीच्या आधीच, आले. याच पिढीचे तीन आरंभीचे प्राणी मूळ खेळात नोव्हेंबर २०१९ मध्ये आले होते. येथे ते सप्टेंबर २०२४ मध्ये, नवव्या पिढीच्या आरंभीच्या प्राण्यांनंतर एक वर्षाने पोहोचले. पूर्वी कोणत्याही पिढीचे आरंभीचे प्राणी तिच्या पहिल्या मोठ्या तुकडीतच असत, त्यामुळे खेळाडूस पुढचा अंदाज बांधता येई. आता क्रमामागील तर्क त्याला दिसेनासा झाला. शिवाय साठा पुरविण्यासाठी एकाच प्राण्याचे अनेक अवतार काढण्यात आले : डिसेंबर २०१६ मध्ये टोपी घातलेला पिकाचू, मार्च २०१७ पासून निराळ्या रंगाचे ‘शायनी’, जुलै २०१९ पासून ‘शॅडो’, ऑगस्ट २०२० पासून ‘मेगा’ आणि सप्टेंबर २०२४ पासून ‘डायनामॅक्स’. नोंदवही फुगली, परंतु तिच्यातील नव्या ओळखी त्या मानाने वाढल्या नाहीत.

एक आक्षेप येथे संभवतो. स्थळकाळाचे बंधन हे तर निसर्गाचेच अनुकरण नव्हे काय? स्थळाच्या बाबतीत हे मान्य करावे लागेल. टॉरॉस उत्तर अमेरिकेत, मिस्टर माइम युरोपात, कांगास्खान ऑस्ट्रेलियात आणि टॉरकोल भारतासह दक्षिण आशियात आढळावा, या योजनेत प्राणिभूगोलाची जाण आहे. हे बंधन स्थिर असल्याने ते शिकता येते. नेमलेल्या तासांचे बंधन मात्र शिकता येत नाही. ते केवळ पाळावे लागते. निसर्गाशी त्याचा मेळही सर्वत्र बसत नाही. या खेळाचा वार्षिक महोत्सव २०१७ पासून मुख्यतः जून ते ऑगस्ट या काळात भरत आला आहे. तो उत्तरेकडील देशांचा सुखाचा उन्हाळा. महाराष्ट्रात तेव्हा धो-धो पाऊस. डिसेंबर २०१६ मध्ये हा खेळ भारतात आला, पण त्याचे ऋतू परकेच राहिले.

महामारीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या ‘रेड’ या सामुदायिक झुंजीत भाग घेण्याची सोय झाली, तेव्हा उपस्थितीची अट बरीच सैल झाली. लहान गावातील किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या खेळाडूस प्रथमच बलाढ्य प्राणी आवाक्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये या सोयीचे मूल्य वाढविण्यात आले आणि दैनिक मर्यादाही घालण्यात आली. लोकांनी बाहेर पडून एकत्र यावे, हा त्यामागील हेतू अनुचित म्हणता येणार नाही. परंतु शहरातील बागेत जमणारे वीसजण आणि तालुक्याच्या गावातील एकटा खेळाडू यांना एकच मोजमाप लावले गेले, हेही नाकारता येत नाही.

२०२५ साली हा खेळ निअँटिककडून स्कोपली या कंपनीकडे गेला. कोठार आता पुष्कळसे रिते झाले आहे, त्यामुळे उरलेले प्राणी कसे प्रकट करावेत या प्रश्नाचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक आहे. कीटकसंग्राहकाच्या पेटीतील प्रत्येक नमुन्यामागे तो कोठे व कसा सापडला याची आठवण असते. डिट्टोच्या नोंदीमागे तशी आठवण आहे; म्यूच्या नोंदीमागे निदान परिश्रमाची आहे. ज्या नोंदीमागे केवळ एक तारीख आणि तीन तासांची हजेरी उरते, ती हजेरीपटातील खूण होय. प्राणी थोडे आले तरी चालतील, पण त्यांच्या वाटेवर खेळाडूने काही पाहिलेले असावे, एवढी अपेक्षा या खेळाच्या मूळ कल्पनेतूनच निर्माण होते. तीच कसोटी त्याच्या आगमनक्रमाला लावणे योग्य होईल.