‘बेघर’ कोणाला म्हणायचे?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, तेव्हापासून आपल्या महाविद्यालयांत एक वाङ्मयप्रकार बिनबोभाट वाढतो आहे. शिबिर-अहवाल. त्याची समीक्षा कोणी करीत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले असे बरेच अहवाल मी वाचले आहेत. त्यांतले काही माझ्याच विद्यार्थ्यांचे, मी सही केलेले. तेव्हा हा आरोप आधी माझ्यावर.

या अहवालांत माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांना अहवाल ‘बेघर’ म्हणतो, ते योग्यच. पण त्याच परिसरात घोड नदीवर डिंभे धरण झाले, आदिवासींची घरे, भातखाचरे पाण्याखाली गेली, माणसे वर डोंगराला सरकली. त्यांना अहवाल ‘लाभार्थी’ म्हणतो! दरडीचा कर्ता निसर्ग, म्हणून दया दाखविता येते. धरणाचा कर्ता शासन, म्हणून शब्द बदलतो.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, फलाटावर राहतो तो बेघर. धरणाकाठी कुडाचे घर उभे केलेला महादेव कोळी या व्याख्येत बसणार कसा? तो आधी बोलतो ते गाळपेरीविषयी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीविषयी. आमच्या प्रश्नावलीत ‘घर कच्चे की पक्के’ हा रकाना होता, गाळपेरीचा नव्हता. एक म्हातारी विद्यार्थिनीला म्हणाली, “खाचराचं तू इचारलंच न्हाई.” पोरीने ते वहीच्या समासात लिहून आणले. मी ते अहवालात घेतले नाही. रकान्यात बसत नव्हते. सबंध अहवालात जिवंत वाक्य तेवढे एकच होते.

याच धरणग्रस्तांनी ‘शाश्वत’ संस्थेबरोबर गाळपेरीसाठी आणि जलाशयातल्या मासेमारीच्या हक्कासाठी लढा दिला. २०१२ साली त्या कामाला इक्वेटर पारितोषिक मिळाले. मी वाचलेल्या अहवालांत त्याचा उल्लेख नाही. ‘जनजागृती केली’ हे मात्र पानोपानी. कोणी, कोणाची?

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, तेव्हा गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाड्याचे जगणे त्यातल्याच माणसाने सांगितले. ते पुस्तक आम्ही वर्गात शिकवतो, आणि शिबिराला जाताना वर्गातच ठेवून जातो.

यंदाची प्रश्नावली मी अजून छापायला दिलेली नाही. ती आधी वस्तीवर वाचून दाखवायची आहे.