विश्वासरावांची गोळी आणि वाकलेली पट्टी

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. सीबीएसईवाल्यांनी अकरावीला इंग्रजीतून, ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. कथेत ती गोळी तीळभर अंतराने हुकते, मराठे जिंकतात आणि पुढचा इतिहासच बदलतो.

याचा खुलासा कथेतला राजेंद्र देशपांडे कॅटॅस्ट्रॉफी थिअरीने करतो. घरी करून बघा: प्लास्टिकची पट्टी उभी धरून दोन्ही टोकांकडून दाबा. आधी काहीच होत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला, की ती डावीकडे वाकणार की उजवीकडे, हे बारीकशा धक्क्यावर ठरतं. गोळी म्हणजे तो धक्का.

कल्पना झकास आहे, वादच नाही. पण एवढासा धक्का निर्णायक ठरायला पट्टी मुळात सरळ हवी, आणि कथा दोन्ही सैन्यं तुल्यबळ धरते. दिल्लीकडची रसद तुटून उपासमार सोसलेलं सैन्य तुल्यबळ कसं? दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांची दाणादाण उडवली होती हे खरं. पण अब्दालीकडे ताजी राखीव फौज होती. विश्वासराव वाचले असते म्हणून आपल्या घोड्यांना वैरण थोडीच मिळणार होती!

दुसरी गोष्ट वारसाची. कथेत विश्वासराव आणि माधवराव, दोघे भाऊ मिळून राज्य वाढवतात. इतकं सोपं असतं का हो? रोमच्या मार्कस ऑरेलियसच्या आधीच्या चार सम्राटांनी वारस दत्तक घेतले, कारभार नीट चालला. मार्कसचा मुलगा मात्र जगला. तो कॉमोडस, आणि त्याने सगळ्याचं मातेरं केलं. आपल्याकडे उलट झालं: थोरला गेला म्हणून माधवरावांना सोळाव्या वर्षी पेशवाई मिळाली. १० ऑगस्ट १७६३ ला त्यांनी निजामाला हरवलं ते राक्षसभुवनला, म्हणजे आपल्या गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठीच. ते सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले. विश्वासराव असते तर ही लढाई कुणी मारली असती?

परभणीत बसून ही कथा वाचताना मला मुंबईतल्या कंपनी सरकारपेक्षा निजामाचंच कुतूहल जास्त वाटतं. १७६० ला उदगीरच्या लढाईनंतर भाऊंनी निजामाकडून ६० लाखांचा मुलूख घेतला होता. पानिपतानंतर निजामाने पुन्हा उचल खाल्ली. पानिपत जिंकलं असतं तर आपली परभणी १९४८ पर्यंत निजामाकडे राहिली असती का? गंगाधरपंत मुंबईऐवजी मनमाड-परभणी गाडीत बसले असते, तर कोणत्या राज्यात उतरले असते?