व्यंगचित्रकाराचा नेम

गुरुदत्तांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' हा १९५५ सालचा बोलपट कितीही वेळा पाहिला, तरी हसू येतेच. नायक प्रीतम हा बेकार व्यंगचित्रकार. त्याचा मित्र जॉनी हा वृत्तपत्राचा छायाचित्रकार. खिसा रिकामा, पण जीभ तिखट. कम्युनिस्ट आहेस काय, असे सीतादेवी दरडावून विचारते, तेव्हा आपण कार्टूनिस्ट असल्याचे तो शांतपणे सांगतो. चित्रपटातील व्यंगचित्रे आर. के. लक्ष्मण यांच्या हातची. ही सारी मौज कबूल करूनच मला एक तक्रार मांडावयाची आहे.

व्यंगचित्रकाराने बलवंताची टोपी उडवावी. येथे टोपी उडते ती घटस्फोटाच्या कायद्यासाठी झगडणाऱ्या सीतादेवीची! भाचीला वारसा मिळावा म्हणून ती प्रीतमला भाड्याचा नवरा करते, तेव्हा ती हास्यास्पद होते हे खरे. ललिता पवारांनी ती मोठ्या ठसक्यात उभी केली आहे. परंतु बाईबरोबर कायदाही हास्यास्पद ठरतो, तेथे नेम चुकतो. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाची मुभा १९४७ सालीच मिळाली होती. १८ मे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती इतरत्रही नेली. खेड्यापाड्यांतील कित्येक जातींत तर काडीमोड त्याच्या कितीतरी आधीपासून होता. मग संसार बुडवावयास निघालेली ही नवी चाल ती कोणती?

अनिताचे मन पालटते ते प्रीतमच्या वहिनीच्या सहवासात. नवरा मारतो, तसा प्रेमही तोच करतो, असा त्या माउलीचा हिशेब. शहरातला प्रेक्षक या भोळेपणावर भाळेल. शेलूबाजारसारख्या गावात शिकविणाऱ्या माणसाला मात्र ते गोड लागत नाही. असा हिशेब घरी ऐकणाऱ्या मुली त्याच्यासमोर वर्गात बसलेल्या असतात.

गंमत अशी, की खरे उत्तर याच चित्रपटात आहे. कचेरीतला जॉनी आणि त्याची टंकलेखिका, दोघेही कमावती. त्यांच्या प्रेमाला ना मृत्युपत्र लागते, ना कोर्ट. कोणी कोणाला वठणीवर आणीत नाही. गुरुदत्तांनी ही जोडी गमतीखातर कडेला ठेवली, आणि तीच सर्वांत शहाणी निघाली.

दिवाळीत मुलाबाळांसह हा चित्रपट जरूर पाहावा. मात्र मुलींनी अनिताचे रूप न्याहाळताना त्या टंकलेखिकेकडेही थोडे लक्ष द्यावे.