निवडीचा हेतू कुठं आहे?

मंडळी, कडेगाव तालुक्यातली मुलं शिवाजी विद्यापीठात जाऊन पीएच.डी. करतात आणि मग कागदांची फाईल काखेत मारून मुलाखतींना फिरतात. काम झालं नाही की घरचे म्हणतात, "पोरगं कुठंतरी कमी पडलं." आज या वाक्याचीच चिकित्सा करू. कमी पडलं, हे कळलं कशावरून?

विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली घ्या. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी तिच्यात 100 गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला 30, पदव्युत्तर पदवीला जास्तीत जास्त 25, पदवीला 15. शोधनिबंधाला प्रत्येकी 2, पण 10 च्या वर नाही. शिकवल्याच्या वर्षाला 2, तेही 10 पर्यंतच. म्हणजे 5 वर्षं शिकवलेला आणि 12 वर्षं शिकवलेला, दोघं एकाच मापात.

हे एक वेळ चालेल. माप कुठंतरी थांबणारच. खरी गोम पुढं आहे. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं, एवढ्यापुरते. निवड मात्र केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. दाराबाहेर 100 गुणांचा हिशेब आणि दाराच्या आत पाटी कोरी!

आपल्या न्यायदर्शनात दुसऱ्याला अनुमान पटवायला पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे म्हणता? मग धूर दाखवा. निवड समिती 'अमुक योग्य' अशी प्रतिज्ञा करते. बाकीच्यांच्या हाती हेतू काही पडत नाही.

कुणी म्हणेल, शिकवण्याची हातोटी आकड्यांत मावत नाही. मान्य. पण जे आकड्यांत मावत नाही, ते शब्दांत सांगता येतं की. प्रबंधावर परीक्षक लेखी अहवाल देतातच, आणि उमेदवाराला आक्षेपांना उत्तर देता येतं. मग त्याच माणसाला नोकरी नाकारताना दोन ओळी लिहायला हरकत काय?

आणि बघा, यात निवडलेल्याचाही तोटाच आहे. तो गुणवत्तेवर आला असला तरी कुजबुज होतेच. ती थांबवायला त्याच्याकडं तरी कुठला कागद आहे?

तेव्हा आई-बापांनो, 'कमी पडलं' म्हणू नका. हेतूवाचून ते अनुमानच नव्हे. आणि पोरांनो, निकाल विचाराल तेव्हा कारणही लेखी मागा.