'होऊ घातलेली जाती': एका संज्ञेची चिकित्सा

चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ मधील ग्रंथाचे शीर्षक जातींच्या उगमाचे आहे. प्रतिपादन मात्र मुख्यतः लहान लहान भेदांच्या संचयाचे आहे. प्रकार म्हणजे होऊ घातलेली जाती, हे त्यातील एक मध्यवर्ती सूत्र. प्रकारापासून जातीपर्यंतची वाट अखंड आहे, हे त्यामुळे पटते. परंतु शेजारी वाढणाऱ्या व आपसांत सहज संकर होणाऱ्या वनस्पतींमध्ये ती वाट प्रथम फुटते कशी, याचा उलगडा होत नाही. संकराचे वंध्यत्व निवडीने वाढू शकते की नाही, यावर १८६८ मध्ये वॉलेस व डार्विन यांच्यात जो मतभेद झाला, तो याच ठिकाणचा. वॉलेस यांना ते शक्य वाटत होते. डार्विन यांना ते मान्य झाले नाही.

या वादाला प्रत्यक्ष पुराव्याची जोड मिळाली ती उत्तर वेल्समधील ट्रेलोगन येथील जस्ताच्या खाणीवर. तेथील टाकाऊ मातीत अँथोझँथम ओडोरॅटम हे गवत वाढते आणि काही मीटरांवरच्या कुरणातही तेच वाढते. कुरणातील सामान्य रोप खाणीच्या विषारी मातीत तगत नाही. तेथे जगतात ती जस्त सहन करणारी रोपे. या गवताचे परागण वाऱ्याने होते. सीमेवर दोन्ही बाजूंचे पराग मिसळतात आणि निवडीने साधलेले बिघडवतात. मॅकनीली व अँटोनोव्हिक्स यांनी १९६८ मध्ये दाखविले की, खाणीवरील रोपे लवकर फुलतात व हा भेद आनुवंशिक आहे. त्यांच्यात स्वफलनाची क्षमताही अधिक आढळली.

येथे चिकित्सा आवश्यक ठरते. लवकर फुलणे हे खाणीच्या परिस्थितीशी साधलेले अनुकूलन असू शकते, किंवा परके पराग टाळण्यासाठी झालेली निवड असू शकते. पहिल्या अर्थी विलगता हे केवळ आनुषंगिक फळ ठरते. दुसऱ्या अर्थी वॉलेस यांच्या विचाराला बळ मिळते. लेखकांनी दुसऱ्या अर्थाला झुकते माप दिले. तथापि फुलोऱ्याचा भेद सीमेपासून दूर कमी होतो की तसाच राहतो, ही या निवाड्याची खरी कसोटी होय. केवळ भेद आढळला, एवढ्यावरून त्याचे कारण सिद्ध होत नाही.

२००६ मध्ये अँटोनोव्हिक्स यांनी पुन्हा लेखन करून हा भेद चार दशके टिकल्याचे नोंदविले. टिकणे महत्त्वाचे खरे. परंतु दोन्ही बाजूंची रोपे आजही एकाच जातीची मानली जातात. विषारी माती उद्या नाहीशी झाली, तर निवडीचा दाबही ओसरेल आणि भेद पुन्हा विरून जाऊ शकेल.

तात्पर्य, नैसर्गिक निवड विलगतेचा आरंभ करू शकते, याचा ट्रेलोगन हा भक्कम दाखला आहे. जाती पूर्ण होण्याचा मात्र नाही. 'होऊ घातलेली' या शब्दांत शेवट आधीच गृहीत धरला जातो. ती संज्ञा वनस्पतींच्या समूहाला लावण्यापेक्षा 'आरंभ' हा शब्द प्रक्रियेला लावणे अधिक शास्त्रशुद्ध होईल.